आधी पोरगी उतरवा

अमडापुरात सिनेमाचा तंबू का आला, याचं कारण कचेरीच्या कागदात 'लोकरंजन' असं लिहिलेलं आहे. ते खरं नाही. खरं कारण एक दोर होता.

हा दोर एका खोल दरीवर ताणलेला होता. दोराला एक तरुण लटकलेला, त्याच्या पाठीवर राजकन्या, आणि अलीकडच्या कड्यावर मिशाळ सेनापती, डोक्यावर तलवार उगारून उभा. आता तो दोरावर घाव घालणार, तेवढ्यात नववं रीळ संपलं. रीळ बदलताना लागते तशी तंबूत बत्ती लागली आणि त्या उजेडात इंद्रभानला दाराशी आपले वडील दिसले. किसनरावांचा कापूस खामगावच्या बाजारात दुपारीच विकला गेला होता. गाडी जुंपून ते मुलाला शोधत तंबूपर्यंत आले होते.

"चाल बे, बैलं खोळंबले."

"बाबा, एकच रीळ राह्यलं."

"घरी जाऊन पाय."

किसनरावांची सिनेमाविषयीची माहिती एवढीच होती. इंद्रभान एकोणीस वर्षांचा, फायनल पास, आणि वडिलांपुढे न बोलणारा. तो गाडीत बसला. अमडापूरपर्यंतच्या वीस मैलांच्या वाटेत तो एकदाच बोलला. "तलवारीनं दोर एका घावात तुटते का हो, बाबा?" किसनराव म्हणाले, "दोर कशाचा हाये त्यावर हाये." उत्तर बरोबर होतं, पण उपयोगाचं नव्हतं.

हे सन १९२९च्या पौषातलं. चित्राचं नाव सांगता येत नाही, कारण पहिल्या रिळाची सुरुवात झिजून गेलेली होती. तंबूबाहेरच्या पाटीवर 'अद्भुत चित्र, दहा रिळे' एवढंच होतं. त्यामुळे इंद्रभानला शेवटाची चौकशी करणं जड गेलं. तरी त्यानं केली. त्याचा मित्र हिंमतराव याचे मेहुणे खामगावचे आणि त्यांनी तोच खेळ शेवटपर्यंत पाहिलेला. हिंमतराव त्यांना विचारून आला.

"काय म्हणे?"

"म्हणे, मंग आरती झाली."

"आरती कशाची बे? दोर तुटला का नाही?"

"म्याही तेच इचारलं. तर म्हणे, तुटला असंल. आरतीत कोन पाहते?"

दुसऱ्या एकानं सांगितलं की दोघांचं लग्न झालं. तिसऱ्यानं सांगितलं की दोघंही दरीत पडून मेले आणि सेनापतीला पश्चात्ताप झाला. तिघांनी एकाच तंबूत, एकाच दिवशी, पैसे देऊन पाहिलेलं चित्र हे असं. इंद्रभानला खरं तर इथेच शंका यायला हवी होती. ती आली नाही. त्याला वाटलं, लोक नीट पाहत नाहीत.

इंद्रभान, हिंमतराव आणि निवृत्ती या तिघांची संध्याकाळची जागा म्हणजे देवीच्या देवळाची पायरी. इंद्रभान पेटी वाजवायचा, निवृत्ती मृदंग आणि हिंमतराव झांज. भजन हे निमित्त. दोन अभंगांच्या मधे बसून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचं, हे खरं काम. तिथेच इंद्रभाननं दोस्तांना नऊ रिळं सांगितली. सांगता सांगता पेटीवर घोडा पळवला, निवृत्तीनं मृदंगावर टापा दिल्या. दुसऱ्या दिवशी ऐकायला सात माणसं होती. आठवड्याभरात पायरी पुरेना. आणि गोष्ट रोज त्याच दोरापाशी येऊन थांबे.

गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे दोर तुटला, दुसरा म्हणे नाही. तुटला म्हणणाऱ्यांत बहुतेक शेतकरी होते; त्यांना दोरांचा अनुभव होता. नाही म्हणणाऱ्यांत निवृत्त शिक्षक वामनराव मास्तर होते. त्यांचं म्हणणं, कथेचा नायक नवव्या भागात मरू शकत नाही, नाहीतर दहावा भाग कशाला काढला असता? यावर पहिला पक्ष पुन्हा दोराच्या जाडीवर येई.

सगळ्यात बिकट अवस्था घरी होती. इंद्रभानची आत्या सत्यभामाबाई घरात मोठी. किसनराव तिचे धाकटे भाऊ, आणि अख्ख्या गावाशी मोठ्यानं बोलणारे किसनराव तिच्यापुढे आवाज चढवत नसत. आत्या रोज ताट वाढताना विचारी, "आज उतरली का रे ते पोरगी?"

"नाही, आत्या."

"इतक्या दिसापासून लटकून हाये बापा. अन् तुले भाकर जाते?"

इंद्रभानला भाकर जात असे. पण या प्रश्नानंतर तिला चव राहत नसे. अशाच एका जेवणानंतर तो उठला, देवळाच्या पायरीवर आला आणि भरल्या गावासमोर पायरीला हात लावून म्हणाला, "आखाजीच्या आत अख्ख्या गावाले दहावं रीळ दाखवीन. नाही दाखवलं, तर माही पेटी देवीच्या देवळात ठेवीन. पुन्हा हात लावणार नाही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. हे बोलायची काही गरज नव्हती. पण माणूस गरज पाहून शपथ घेत नाही. मुलाचे सगळे अवगुण त्या पेटीतूनच बाहेर येतात, असं किसनरावांचं मत होतं. ते त्या दिवशी प्रथमच मुलाच्या बोलण्यानं गहिवरले. गर्दीकडे वळून म्हणाले, "सगळ्याइनं ऐकलं न?"

सगळ्यांनी ऐकलं होतं.

तंबूचे मालक भगवानराव खामगावला भेटले. मोठ्या पोटाचे, हातात चांदीच्या मुठीची काठी. अमडापूरला यायला ते तयार होते, पण एक अडचण होती. त्यांचा पेटीवाला मास्तर महिन्यापूर्वी सोडून गेला होता. चित्र मुकं, पेटी-तबल्याशिवाय ते दाखवणं म्हणजे लग्नात वाजंत्री नसणं.

"वाजवणारे तुम्ही द्या. तंबू माझा, यंत्र माझं, इंजिन माझं. सरकारी परवानगी तुमची."

"अन् शेवटपर्यंत दाखवान न? पुरं?"

"आजवर एकही माणूस माझ्या तंबूतून असमाधानानं उठला नाही," भगवानराव म्हणाले. हे वाक्य अक्षरशः खरं होतं. इंद्रभानला ते पुढे फार दिवस आठवत राहिलं.

परवानगीसाठी एकूण तीन अर्ज झाले. पहिला अर्ज तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनानं वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली, आणि विचारलं, "हे नेमकं काय आहे? तमाशा?"

"नाही जी."

"सर्कस?"

"नाही."

"सभा? भाषणं होणार?"

"भाषण नाही साहेब. चित्र मुकं हाये. त्यात कोणी बोलत नाही."

"कोणी बोलत नाही, तर लोक जमणार कशाला?"

"माणसं बोलताना पाहाले."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छापील नमुन्यात तमाशा, सर्कस, जत्रा आणि सभा असे चारच रकाने होते. पाचवा रकाना हातानं आखायचा अधिकार त्याला नव्हता. तो ज्यांना होता ते दौऱ्यावर होते. अर्ज परत आला.

दुसरा अर्ज आगीवर अडला. चित्राची पट्टी पेट घेते, असं कचेरीला कुठून तरी कळलं होतं. म्हणून अट पडली: पाच बादल्या वाळू, पाच बादल्या पाणी, आणि प्रत्येक बादलीमागे एक जबाबदार माणूस. गावचे पोलीस पाटील नारायणराव यांनी ही अट फार मनावर घेतली. त्यांनी दहा माणसं निवडली आणि पंधरा दिवस रोज चावडीपुढे त्यांची कवायत घेतली. पाटलांनी "आग!" म्हटलं की दहाही जणांनी धावत जाऊन ओतायचं. पहिल्या दिवशी हे करायला त्यांना पाव तास लागला. पंधराव्या दिवशी ते पाटलांचं तोंड उघडताच सुटत. आग लागावी अशी त्यांची इच्छा होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण इतकं शिकून ती लागलीच नाही तर काय, हा विचार त्यांच्या तोंडावर दिसे.

तिसऱ्या अर्जासोबत कथेचा सारांश हवा होता. इंद्रभाननं चार पानं लिहून नेली. कारकुनानं पहिलं पान सरकारी चेहऱ्यानं वाचलं. दुसऱ्या पानाला त्याचा विडा चावायचा थांबला. चौथं पान संपल्यावर त्यानं कागद झटकून पाहिला.

"मग?"

"मंग माहीत नाही, साहेब."

"माहीत नाही म्हणजे? शेवट नसलेली गोष्ट मी वर कशी पाठवू? समजा, शेवटी राजाचाच खून झाला. जबाबदार कोण?"

"तो होते का नाही, तेच पाहाचं हाये."

यावर विचार करायला कचेरीला अकरा दिवस लागले. मग परवानगी आली. दहा रिळांच्या एका खेळासाठी, सात अटींवर. सातवी अट अशी: खेळ समाप्त झाल्यावर कथेचा शेवट पाटलामार्फत कचेरीस कळवावा. कागद हातात देताना कारकून हळूच म्हणाला, "टपालानं उशीर होतो. माणूसच पाठवा."

आता वाजवण्याचा प्रश्न. या तिघांना भजनं येत होती, आणि भजनाशिवाय काही येत नव्हतं. लढाईला काय वाजवायचं? राजकन्या झोक्यावर बसते तेव्हा काय? वामनराव मास्तरांनी आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांच्याजवळ सगळ्या शंकांची उत्तरं होती. वीररसाला मृदंग जोरात, करुणरसाला हळू, आणि शृंगाररस आला तर, ते म्हणाले, "सरळ अभंग घ्या. वडील माणसं बसलेली असतात." चित्रात मधे मधे येणारी अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवण्याचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. कोणी दिलं नव्हतं.

निवृत्तीची अडचण वेगळी होती. "इंद्रभान, एक सांग. अभंग अर्ध्यात असला अन् तिकडं मारामारी सुरू झाली, तर अभंग सोडाचा का?"

"सोडाचा."

"अर्धा?"

"अर्धा."

"मी नाही सोडत बावा. पाप लागते."

यावर तोड निघाली नाही.

आखाजीला चार दिवस उरले असताना तंबू उभा राहिला. दिवेलागणीला अमडापूर, आणि पाहुणे धरून आसपासची गावं, आत होती. पडदा तंबूच्या बरोबर मधे होता. पुढे पुरुष, मागे बाया. पडद्यावर पाणी मारून तो ओला केला की चित्र मागूनही तितकंच स्वच्छ दिसतं, फक्त उलटं. मागे सगळ्यात पुढच्या जागी सत्यभामाबाई बसल्या होत्या. चांगलं दिसावं म्हणून तिघं वाजवणारे ऐन पडद्याच्या पायथ्याशी बसले होते आणि त्यामुळे त्यांनाच सगळ्यात वाईट दिसत होतं. खालून पाहताना राजाचं तोंड काकडीएवढं लांब झालं होतं. पण इंद्रभानला दहाव्या रिळाशी मतलब होता. काकडी तर काकडी.

खेळ सुरू झाला. पहिल्या रिळात राजा शिकारीला निघाला तेव्हा सगळं जमून आलं. दुसऱ्यात राजकन्या बागेत आली, तिघांनी वडील माणसांच्या सोयीसाठी अभंग घेतला, आणि तो संपायच्या आत बागेत दरोडा पडला. निवृत्तीनं डोळे मिटून घेतले. सात माणसांची कत्तल संथ लयीत, टाळ्यांच्या ठेक्यावर पार पडली. प्रेक्षकांनी शेवटचं चरण उचलून धरलं. वामनराव मास्तर प्रत्येक वाक्य मुलांना शुद्धलेखन घालावं तसं दोनदा वाचत. तरुणाचं प्रेमपत्र त्यांनी "स्वल्पविराम"सह वाचलं. तोवर पडद्यावर तरुण तुरुंगात पोचलेला होता. तरी लोक खूश होते. नऊ रिळं सगळ्यांना पाठ होती. कोण कुठून येणार हे जो तो शेजाऱ्याला आधीच सांगत होता, आणि तसंच झालं की "म्हटलं होतं न!" म्हणत होता.

पडद्यामागून आत्याचा आवाज इंद्रभानला स्पष्ट ऐकू येत होता. "हा शेनापती डावखुरा हाये काय गं? डाव्या हाताचा मानूस कधी सरळ नसते."

आठवं रीळ संपलं, बत्ती लागली. भगवानराव काठी टेकत पुढे आले आणि इंद्रभानच्या कानाशी वाकले.

"छान चाललंय. आता लक्ष दे. नववं संपलं की मी घंटी वाजवीन. पडद्यावर देवाचं चित्र येईल. घंटी ऐकली की लगेच आरती उचलायची. पूर्वी मी तिथे बत्ती लावत असे, आता तीही नाही. एक क्षण मधे जाऊ द्यायचा नाही."

"अन् दहावं रीळ?"

"दहावं नाही."

"नाही म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही. मी हे चित्र घेतलं तेव्हाच नऊ डबे होते. चार वर्षं झाली. आरती लागली की माणूस उभा राहतो, हात जोडतो. आरती झाली की कार्यक्रम संपला, हे आपल्या लोकांच्या रक्तात आहे. आजवर एकानंही विचारलं नाही."

बत्ती गेली. नववं रीळ सुरू झालं. इंद्रभानचे हात पेटीवर चालत होते, पण ते त्याचे नव्हते. त्याला आता खामगावचे तिघे साक्षीदार समजले. त्यांनी नीट पाहिलं नव्हतं असं नाही. त्यांनी आरती पाहिली होती. सरळ हिशोब असा होता: आरती वाजवली तर गाव हात जोडून घरी जाईल, दहा रिळं पाहिली असं समजेल, आणि पेटी वाचेल. खरं सांगितलं तर पेटी देवळात. वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. आणि राजकन्या? ती कायमचीच तिथे राहणार. चार वर्षं तिला कोणी उतरवलं नव्हतं, आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

वर पडद्यावर तरुण दोराला लटकला. सेनापतीनं तलवार उगारली. पडदा पांढरा झाला आणि घंटी वाजली.

इंद्रभाननं आरती उचलली. हे नोंदवायला हवं. पुढे गावात जी हकिकत सांगितली जाते, तिच्यात त्यानं ठामपणे पेटी बंद केली असं असतं. तसं झालं नाही. त्यानं आरती उचलली, हिंमतरावानं झांज उचलली, पडद्यावर देव आले आणि अख्खा तंबू उभा राहिला. भगवानरावांचं म्हणणं खरं होतं. दोन्ही पक्षांचे लोक शेजारी शेजारी उभे राहून टाळ्या देत होते. पाटलांनी पागोटं सरळ केलं. मास्तरांनी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यापर्यंत दोर कोणाच्याही ध्यानात नव्हता.

तेव्हा पडद्यामागून आवाज आला.

"इंद्रभान! आरती मंग कर. आधी त्या पोरीले खाली उतरव!"

पेटी थांबली. आरती मधेच थांबल्याचं अमडापुरात कोणाला आठवत नव्हतं. दोन-चार टाळ्या पुढे गेल्या आणि लाजून बंद पडल्या. मग एकजण म्हणाला, "हाव खरंच, दोराचं काय झालं?" आणि मग सगळेच म्हणाले.

इंद्रभान उभा राहिला. "दहावं रीळ नाही," तो म्हणाला. "मालकापाशी नऊच हायेत. मले आत्ता समजलं."

"मग शेवट काय आहे?" वामनराव मास्तरांनी भगवानरावांना दरडावून विचारलं.

"मला काय माहीत?" भगवानराव म्हणाले. "मीही पाहिलेला नाही." एवढं बोलून ते पडद्याकडे पाहत राहिले. चार वर्षं आणि शंभर गावं फिरून आपल्यालाही ते माहीत नाही, ही गोष्ट बहुधा त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आली असावी.

किसनराव उठले. "झालं तर. रीळ नाही, तर पेटी देवळात. शपथ म्हंजे शपथ."

इंद्रभाननं पेटी उचलली आणि तो निघाला. देवाच्या चित्राची काच यंत्रातून काढली होती, पण यंत्राचा दिवा चालूच होता. त्या झोतातून जाताना त्याची सावली पडद्यावर पडली. पाचपट मोठी, पोटाशी चौकोनी पेटी धरलेली. पडद्यामागे गलका झाला. "अगं माय, हा कोन आला?" आणि आत्याचा आवाज: "आला वाटते पुढचा. बसा गं खाली, सुरू झालं!"

इंद्रभान झोतात थांबला. सावलीही थांबली. त्यानं एकदा आपल्या सावलीकडे पाहिलं, एकदा पडदा ज्या दोरानं वर बांधला होता त्या दोराकडे, आणि मग हिंमतरावाकडे.

"हिंमत्या, लटकशील का?"

"कुठी?"

"त्या दोराले."

हिंमतराव अंगानं भरलेला गडी होता, पण दोस्तीत त्यानं कधी 'काऊन' विचारलं नाही. खुर्चीवाल्या मंडळींसाठी ठेवलेला कापसाचा एक लोड निवृत्तीनं आपल्या पटक्यात गुंडाळला. ती राजकन्या झाली. ती हिंमतरावाच्या पाठीवर बांधली. सेनापतीला तलवार हवी होती. कोणी सांगायच्या आत भगवानराव काठी घेऊन झोतात येऊन उभे राहिले. "मिशा आहेत मला," ते म्हणाले. त्यांना शेवट पाहायचा होता.

इंद्रभान पेटीवर बसला. निवृत्तीनं मृदंगावर हात मारला, आणि यावेळी त्यानं कोणताही अभंग धरला नाही. पांढऱ्या पडद्यावर एक अगडबंब वीर दोराला लटकला, पाठीवर राजकन्या, आणि बाजूनं सेनापतीनं तलवार उगारली. पुढच्या लोकांना माणसंही दिसत होती आणि सावल्याही. ते सावल्या पाहत होते. मागच्या बायांना सावल्याच दिसत होत्या.

"मार!" तुटला-पक्ष ओरडला.

"सोडू नको रे!" न-तुटला-पक्ष ओरडला.

भगवानरावांनी काठी हाणली. दोर तुटला नाही. त्यांनी दुसरा घाव घातला. तरी तुटला नाही. वामनराव मास्तर विजयानं उभे राहिले आणि बोलायला तोंड उघडलं. तेव्हा वरची गाठ हिंमतरावाच्या वजनाला शरण गेली.

पडद्याचा बांबू आधी आला. मागोमाग हिंमतराव ओल्या पडद्यातून आरपार गेला. पटका सुटला, राजकन्या हवेत उडाली. मधला खांब कलला आणि तंबूचं छत पोट सोडून खाली आलं. दिव्यावर कापड पडून अंधारलं आणि कोणीतरी, कोणी ते आजवर कबूल केलेलं नाही, "आग!" म्हणून ओरडलं.

पंधरा दिवसांची कवायत वाया गेली नाही. पाच बादल्या वाळू आणि पाच बादल्या पाणी इतक्या झटकन रिकाम्या झाल्या की प्रत्यक्ष आग असती तर तीही चकित झाली असती. दोन बादल्या वाळू भगवानरावांना मिळाली. वामनराव मास्तरांचं तोंड उघडंच होतं. त्यांना पाणी मिळालं.

कंदील आणले, छत वर उचललं. कोणाला लागलं नव्हतं. फाटक्या पडद्याच्या पलीकडे, बायांच्या पहिल्या रांगेत सत्यभामाबाई होत्या तशाच बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लोड होता, आणि त्या त्याच्यावरची वाळू हलक्या हातानं झटकत होत्या.

किसनराव पडद्याच्या भोकातून डोकावले. डोक्यावर वाळू होती, पण मुद्दा सुटला नव्हता. "अक्का, हे काही दहावं रीळ नाही. पेटी देवळात..."

"किसना," आत्या म्हणाली, "पोरगी माह्या मांडीवर येऊन पडली. अजून काय दाखवाचं असते रे?" मग ती इंद्रभानकडे वळली. "उतरली बाप्पा एकदाची. आता वाजव तुही आरती."

आरती पहिल्यापासून झाली. निवृत्तीच्या मनाला त्यामुळे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी सातव्या अटीप्रमाणे अहवाल लिहिला. परवानगी दहा रिळांची होती, म्हणून 'दाखविलेली रिळे: दहा' असं लिहिणं भाग होतं. शेवटाच्या जागी त्यांनी लिहिलं: 'दोर तुटला नाही, गाठ सुटली. राजकन्या सुखरूप. सेनापतीस वाळू.' अहवाल घेऊन माणूस गेला. कारकुनानं तो उभ्यानंच वाचला आणि दोनदा वाचला, असं त्या माणसानं सांगितलं. दोन्ही पक्ष आपणच जिंकलो असं समजले. पेटी घरीच राहिली.

पुढे पावसाळा गेला. दसऱ्याच्या आधीच्या बाजारात इंद्रभान वांगी घ्यायला थांबला असताना, रोहिणखेडहून माळवं घेऊन आलेल्या रुखमाबाई शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होत्या. त्या आखाजीला बहिणीकडे अमडापुरात आल्या होत्या.

"अन् मंग त्या शेनापतीनं डाव्या हातानं तलवार मारली..."

"उजव्या," इंद्रभान म्हणाला.

रुखमाबाईंनी त्याला वर-खाली पाहिलं. "तू होता काय तथी?"

"होतो, मावशी."

"समोर बसला असशील. समोरून काय दिसते कपाळ? मी मांगं होती. पोरगी अशी उडत आली पडदा फाडून, म्या माह्या डोयानं पाह्यली. दहावं रीळ म्हंजे दहावं रीळ बाप्पा!"

इंद्रभाननं वांगी पिशवीत टाकली. पैसे दिले. निघता निघता, नुसतं गंमत म्हणून त्यानं विचारलं, "अन् मावशी, लगीन झालं का मंग त्याइचं?"

"झालं न."

"कधी?"

"ते अकराव्यात हाये," रुखमाबाई म्हणाल्या. "माह्या भाच्यानं पाह्यलं."

इंद्रभान दोन पावलं पुढे गेला होता. तो परत आला. पिशवी त्यानं खाली ठेवली.

"कुठी पाह्यलं, मावशी?"